पोर्ट ब्लेअर ते लेह, दोऱ्याने मोजलं तर सात सेंटिमीटर

माझा भाऊ नेव्हीत, पोर्ट ब्लेअरला. नवरा आर्मीत, त्याचं पोस्टिंग तेव्हा लेहला. आणि आम्ही मायलेकी साताऱ्यात. २०२४ च्या एप्रिलअखेर वहिनीला मुलगा झाला, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं म्हणून बाळंतपण माहेरी न होता तिकडेच झालं, आणि बारशाला आत्या नको का, बाळाच्या कानात नाव कोण सांगणार, म्हणून मी लेकीला घेऊन अंदमानला गेले. लेकीची मे महिन्याची सुट्टी होती आणि लेहला यांना तीन आठवड्यांसाठी क्वार्टर मिळालं होतं. तेव्हा ठरलं की बारसं झालं की साताऱ्याला परत न येता थेट तिकडूनच लेह गाठायचं.

(आता सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालंय, पण आम्ही गेलो तेव्हा सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणत होते म्हणून मीही तेच लिहितेय.)

बारशाच्या दुसऱ्या दिवशी लेकीने विचारलं, मामा, इथून बाबा किती लांब? दादाकडे बारा इंची पृथ्वीगोल आहे, त्याने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला तूच मोज. ती पट्टी घेऊन आली, पट्टी गोलावर बसेना. मग रबरबँड आणला, तर दादा म्हणाला रबर नको, ताणतं ते, दोरा आण. घरात दोरा कुठला सापडणार पटकन, तर बाळाच्या पायात बांधायला आणलेला काळा दोरा होता, त्यातला उरलेला तुकडा घेतला. एक टोक पोर्ट ब्लेअरवर मी बोटाने दाबून धरलं, दुसरं तिने लेहवर, आणि दादा म्हणाला आता मधे ढील ठेवू नका, ताठ ओढा, ताठ ओढला की तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो. नखाने खूण केली, दोरा पट्टीवर ठेवला, सात सेंटिमीटर.

मग विषुववृत्तावरून दोरा फिरवून गोलाचा घेर मोजला, ९६ सेंटिमीटर भरला. खऱ्या पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किमी, म्हणजे एका सेंटिमीटरला ४१७ किमी. साधं त्रैराशिक. सात गुणिले ४१७ म्हणजे २,९१९ किमी. दादाने दोन्ही विमानतळांचे अक्षांश रेखांश टाकून मोबाइलवर काढलं तर २,९३७ आले. १८ किमीचा फरक म्हणजे त्या गोलावर अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, दोऱ्याचीच जाडी त्याहून जास्त असेल. लेक इतकी खूश झाली ना की दिवसभर घरातल्या प्रत्येकाला सांगत होती. नेव्हीवाले किलोमीटर बोलत नाहीत, नॉटिकल मैल बोलतात, ते झाले १,५८६. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, हे तिने वहीत लिहून घेतलं. आपल्या अंदाजाने सांगायचं तर मुंबई-नागपूर हवाई अंतर चार वेळा आणि वर थोडं.

दोरा गोलावर कुठून कुठून जातो ते बघण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. पोर्ट ब्लेअर सोडलं की अकराशे-बाराशे किमी नुसता बंगालचा उपसागर, मग ओडिशात चांदीपूरच्या आसपास किनारा लागतो, मग रांचीच्या जवळून, मग बिहारचा पश्चिम कोपरा, मग गोरखपूर तर अगदी दोऱ्याखालीच, आणि तिथून पुढे नेपाळ. नेपाळनंतर तिबेट. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं, आपल्याच देशातल्या दोन गावांमधली सगळ्यात जवळची वाट दोन परक्या देशांवरून जाते. दादा म्हणाला ही वाट कुठलंही प्रवासी विमान घेणार नाही, सीमेचा प्रश्न आहेच, पण शिवाय विमानात हवेचा दाब गेला तर पायलटला पटकन दहा हजार फुटांवर खाली यावं लागतं, आणि तिबेटात जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे, खाली यायचं कुठे?

लेकीचा पुढचा प्रश्न अर्थातच, मग किती वेळ लागेल. नेटवर अशी दोन गावं टाकली की अंतर आणि वेळ देणारी पानं असतात, त्यावर साधारण चार तास दहा मिनिटं आले. ते कसं काढतात तेही दादाने सांगितलं, ताशी आठशे किमी धरून अंतराला भागायचं आणि चढणं-उतरणं धरून अर्धा तास मिळवायचा, झालं. २,९३७ भागिले ८०० म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं, अधिक तीस. गणित बरोबर आहे, त्यात चूक काहीच नाही. फक्त असं विमान नाही.

लेकीला ते पटेना. विमान एवढं लांब उडू शकत नाही का? उडू शकतं, याच्यापेक्षा लांब लांब जातात ती विमानं. रात्री यांचा फोन आला तेव्हा तिने तोच प्रश्न बाबाला विचारला आणि यांनी जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं, इतकी वर्षं आर्मीत नवरा असून. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, आपल्याकडच्या साधारण सत्तर टक्केच घनतेची. पंखांना उचलायला हवा कमी आणि इंजिनालाही कमी, म्हणून तिथून उडताना वजन कमी ठेवावं लागतं. चार तासांचं इंधन भरायचं तर माणसं आणि सामान उतरवावं लागेल. आणि दिवस चढला की ऊन तापतं, हवा आणखी पातळ होते, वर दरीतून वारे सुटतात, म्हणून नागरी विमानांची सगळी ये-जा मुख्यतः सकाळीच उरकतात. दुपारी बारा-एकनंतर लेहला पोचायचा विचारच करू नका, असं हे म्हणाले.

इकडे पोर्ट ब्लेअरचंही तेच, कारण वेगळं. तिथली धावपट्टी नेव्हीची आहे, नागरी विमानं ती वापरतात, आणि बहुतेक सगळी सकाळपासून दुपारपर्यंत येऊन जातात, सूर्यही तिथे लवकर मावळतो. म्हणजे एका टोकाला सकाळीच सुटायचं आणि दुसऱ्या टोकालाही सकाळीच पोचायचं. मध्ये रात्र येणारच. चार तास दहा मिनिटं त्याच रात्री माझ्या डोक्यातून गेले आणि मी तिकिटं बघायची पद्धतच बदलली. आधी लेहला शेवटचं विमान किती वाजता उतरतं ते बघितलं, मग पोर्ट ब्लेअरहून पहिलं कधी सुटतं ते, आणि मग मधलं जुळवलं. कुणाला असं आडबाजूच्या दोन ठिकाणांमध्ये जायचं असेल ना तर मी हेच सांगेन, किलोमीटर नंतर बघा, आधी दोन्हीकडच्या वेळा बघा.

शेवटी ठरलं ते असं. पोर्ट ब्लेअर ते कोलकाता १,३०६ किमी, कोलकाता ते दिल्ली १,३१४, दिल्ली ते लेह ६२१. एकूण ३,२४१. म्हणजे सरळ दोऱ्यापेक्षा फक्त तीनशे किमी जास्त, जेमतेम दहा टक्के. मला वाटलं होतं की केवढा वळसा पडेल, पण अंतराने तसा काही पडतच नाही. तिकिटावरच्या वेळा सव्वादोन तास, दोन पस्तीस आणि एक पंचवीस, बेरीज सव्वासहा तास. आणि पोर्ट ब्लेअरहून सकाळी पावणेनऊला निघून लेहला दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, म्हणजे साडेबावीस तास. दिल्ली-लेहचं तिकीट मी मुद्दाम पहाटेच्या पहिल्या विमानाचं घेतलं, कारण हे म्हणाले होते पहिलं नाही उतरलं तर निदान नंतरच्या एखाद्यात जागा मागता येते.

निघायच्या दिवशी वहिनीने डिंकाचे लाडू बांधून दिले, तिच्यासाठी केलेल्यातलेच, आणि मी केलेला पोह्यांचा चिवडा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून मेणबत्तीवर तोंडं बंद करून घेतली. ही पिशवी पुढे येणार आहे म्हणून सांगतेय.

लेकीकडे वही आणि माझं घड्याळ. चाकं सुटली की वेळ लिहायची, चाकं टेकली की लिहायची. पोर्ट ब्लेअर ते कोलकाता हवेत एक तास पंचावन्न मिनिटं. तिकिटावर सव्वादोन तास. तिने लगेच विचारलं वीस मिनिटं कुठे गेली, तर ती जमिनीवर गेली, दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ तिकिटावर धरतात, त्यात रांगेत उभं राहणं पण आलं. कोलकाता-दिल्ली हवेत दोन तास पाच. आता अंतर आधीच्या एवढंच, ८ किमी जास्त फक्त, मग दहा मिनिटं जास्त का? वरती पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे असतात, दिल्लीला जाताना ते समोरून येतात. म्हणून दिल्लीहून कोलकात्याला येणारं विमान लवकर येतं आणि जाणाऱ्याला उशीर लागतो, वेळापत्रकातसुद्धा तो फरक दिसतो, मी नंतर ताडून बघितला.

दिल्लीत यांच्या चुलत बहिणीकडे द्वारकेला उतरलो, तीन-चार तास डोळा लागला असेल नसेल, की अडीचला उठून परत विमानतळ.

पाच पन्नासला विमान उडालं. मे महिन्यातली सकाळ, दिल्लीचं भगभगीत आकाश मागे पडलं आणि अर्ध्या तासात खाली बर्फ. मी सह्याद्रीत वाढलेली बाई, डोंगर मला नवीन नाहीत, पण हे एकामागून एक, एकामागून एक, आणि कुठे गाव नाही, रस्ता नाही, झाड नाही. लेक खिडकीला नाक लावून गप्प. सात वाजायला आले तसं विमान वळायला लागलं. वळलं, परत वळलं. खाली नुसता ढग, पांढराशुभ्र, मध्ये कुठेतरी एखादं टोक वर आलेलं. तिसऱ्या फेरीला आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. मग पायलटचा आवाज आला, लेहला दरीत ढग खाली आलेत, वारा पण बरोबर नाही, आपण दिल्लीला परत जातोय.

लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, बाबा खालीच असेल ना गं म्हणाली. खरंच होते हे खाली, बाहेर गाडी लावून उभे.

मागच्या सीटवरचे दोघं-तिघं फार चिडले, हॉटेलचे पैसे गेले, दुसरं विमान उतरलं असेल वगैरे. मला मात्र त्या पायलटबद्दल आदरच वाटला. लेहला उतरायचं म्हणजे डोंगरांच्या मधून दरीत शिरायचं, आणि विरळ हवेमुळे विमान जमिनीला टेकताना नेहमीपेक्षा जास्त वेगात असतं, त्यासाठी पायलटना वेगळं ट्रेनिंग लागतं. दिसत नसताना तो नको म्हणाला, बास, माझी लेक त्या विमानात होती. हे म्हणतात २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी पहिल्यांदा लेहला डकोटा विमान उतरवलं, जनरल थिमय्यांना सोबत घेऊन, तेव्हा तिथे सोनम नोर्बू या इंजिनिअरने घाईघाईने तयार करून घेतलेली मातीची पट्टी होती आणि रस्ता दाखवायला काही यंत्र नाही. ते आठवलं की अंगावर काटा येतो.

राग आला तो नंतर. आठ वीसला दिल्लीत टेकलो आणि त्यानंतर अकरा वाजेपर्यंत त्या कंपनीच्या काउंटरवर कुणी धड सांगेना की आम्हाला कधी नेणार. लहान मुलं, म्हाताऱ्या बायका, एक लडाखी आजी तर दवाखान्यातून घरी चाललेली, सगळे जमिनीवर बसलेले. हवामान तुमच्या हातात नाही हे आम्हालाही कळतं हो, पण काय ठरलंय ते दर अर्ध्या तासाने येऊन सांगणं तर हातात आहे ना. अकरानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या विमानात जागा दिली, वेगळे पैसे नाही घेतले. तोवर त्या आजींना आमच्यातला एक लाडू दिला, त्यांनी अर्धा लेकीलाच परत भरवला.

परत द्वारका, परत अडीच वाजता उठणं.

तिसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ. या वेळी दरी दिसली, सिंधू नदी दिसली, राखाडी डोंगरांच्या मधून हिरवट पट्टा, आणि उतरता उतरता पंखाशेजारी टेकडीवर स्पितुकचा मठ इतका जवळ की खिडक्या मोजता आल्या असत्या. आणि तेव्हाच ती चिवड्याची पिशवी. पोर्ट ब्लेअरला बंद केली तेव्हा चपटी होती, विमानात फुगली होती, ते नेहमीच होतं. नेहमी विमान खाली यायला लागलं की पिशवी परत बसते. इथे उलटं, विमान खाली येतंय आणि पिशवी आणखी फुगतेय. लेकीने मांडीवर ठेवून बोटाने दाबून बघितली, टणक, ढोलकीसारखी. कारण असं की विमानाच्या आत हवेचा दाब साधारण दोन-सव्वादोन हजार मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, आणि लेहची जमीन त्याच्याही वर आहे, ३,२५६ मीटर. म्हणजे बाहेरच्या हवेशी जुळवायला आतला दाब आणखी कमी करावा लागतो. आम्ही आकाशातून खाली उतरत होतो आणि आमच्या शरीराच्या हिशोबाने वर चढत होतो. दार उघडलं आणि जिन्यावर पहिला श्वास घेतला तेव्हा मला ते छातीत कळलं.

सात वाजून दहा मिनिटांनी चाकं टेकली. वहीत तिने हिशोब केला, दिल्ली-लेह हवेत एक तास पाच मिनिटं. तिन्ही मिळून हवेत पाच तास पाच मिनिटं. आदल्या दिवशी जाऊन परत आलो तो अडीच तास वेगळा. पोर्ट ब्लेअरहून निघाल्यापासून शेहेचाळीस तास पंचवीस मिनिटं, आणि उडालो एकूण साडेचार हजार किमीच्या आसपास, दोऱ्यावर मोजलेल्याच्या दीडपट. यांनी तिला उचलून घेतलं तर ती आधी हेच आकडे सांगायला लागली, बाबा कसा आहेस वगैरे नंतर.

पहिले दोन दिवस कुठेही हललो नाही. समुद्राच्या पातळीवरून थेट सव्वातीन हजार मीटर, शरीराला वेळ द्यावाच लागतो, विमानाने येणाऱ्यांना तिथे सगळेच सांगतात की दोन दिवस आराम करा, आणि ते ऐका कृपया. माझं डोकं ठणकत होतं, जिना चढले तर धाप. लेकीला भूक नव्हती, तेवढंच. कोमट पाणी पीत पडून राहिलो. एक प्रकारे ते दोन दिवसही प्रवासातच धरायला हवेत, पर्यटकांच्या पॅकेजमध्ये ते कुणी मोजत नाही आणि मग तिसऱ्याच दिवशी खारदुंगला ही आणखी उंचावरची खिंड करून आजारी पडतात माणसं.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तिघं दारात खुर्च्या टाकून बसलो होतो. सात वाजून गेले तरी समोरच्या डोंगरावर ऊन होतं, लेक म्हणाली मामाकडे तर आत्तापर्यंत जेवणं झाली असती. खरंच, तिथे पावणेसहालाच सूर्य गेलेला असायचा आणि पहाटे पाचला खिडकीतून ऊन. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण पोर्ट ब्लेअर आणि लेहच्या रेखांशात पंधरा अंशांचा फरक आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने बरोबर एक तास. यांनी तिला गणित करू दिलं, तिने वहीत किलोमीटरच्या रकान्याशेजारी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं "सूर्य".

मग मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे ट्यूबलाइट, वहिनीच्या मांडीवर बाळ झोपलेलं, पायात काळा दोरा. इकडे तिने मोबाइल फिरवून डोंगरावरचं ऊन दाखवलं आणि म्हणाली, मामा बघ, इथे अजून दिवस आहे.